हात वर केल्यानंतरचं काम: खऱ्या पश्चात्तापापर्यंत कसं न्यावं

सुवार्तेच्या सभेत शेवटी आवाहन होतं. संगीत हळू होतं, डोळे मिटायला सांगतात, हात वर होतात. पुढे आलेल्यांकडून एक प्रार्थना ओळीओळीने म्हणवून घेतली जाते आणि लगेच जाहीर होतं की आज यांचं तारण झालं. ही रीत मंडळीइतकीच जुनी असावी असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ती एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. अमेरिकेत चार्ल्स फिनी यांच्या १८३०च्या दशकातल्या सभांत लोकांना पुढच्या बाकावर बोलावून बसवण्याची पद्धत गाजली. ठरावीक छोटी प्रार्थना तिला पुढे जोडली गेली.

रीतीतच खोट आहे असं नाही. अशा सभांत खरोखर फिरलेली माणसं आहेत. घोटाळा होतो तो पुढे टाकलेलं पाऊल आणि देवाकडे वळलेलं मन या दोन गोष्टी एकच धरल्या की. ज्याला अजून आपलं पाप नीट दिसलेलं नाही, त्याला तारणाची खात्री आपणच देऊन टाकतो. पुढे त्याला सुवार्ता सांगणं फार अवघड होतं, कारण त्याच्या लेखी तो विषय संपलेला असतो. पुढची मांडणी पाळक, वडील, गटप्रमुख आणि समुपदेशनाला बसणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. स्वतःला तपासू पाहणाऱ्यालाही ती वापरता येईल, फक्त त्याने शेवटचा भाग आधी वाचावा.

कामाला लागण्याआधी आपली मर्यादा ओळखून घ्या. कोणाचं तारण झालं आणि कोणाचं नाही, हा निकाल देवाचा आहे. "तुमचं तारण झालंय" हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ नये, तसंच "तुमचं झालेलंच नाही" हेही जाऊ नये. अभिवचन उघडून दाखवावं (रोमकरांस १०:१३ यासाठी पुरेसं आहे) आणि खात्री पटवण्याचं काम पवित्र आत्म्याकडे सोडावं, कारण रोमकरांस ८:१६ ते त्याचंच काम म्हणून सांगतं.

पाच भाग, आणि एखादा गळला तर

१६४७ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या लघुप्रश्नोत्तरीत (प्रश्न-उत्तरांच्या रूपात विश्वासाची शिकवण देणाऱ्या पुस्तिकेत) ८७वा प्रश्न पश्चात्तापाविषयी आहे. त्याच्या उत्तरात पाच गोष्टी येतात: आपल्या पापाची खरी जाणीव, ख्रिस्तामध्ये देवाची दया आहे हे उमजणं, पापाबद्दल दुःख आणि तिटकारा, पापापासून देवाकडे वळणं, आणि नव्या आज्ञापालनाचा पक्का निश्चय व तसा प्रयत्न. समुपदेशनाला बसताना हे पाच भाग डोक्यात ठेवावेत, कारण वरवरच्या परिवर्तनात जवळपास नेहमी यातलाच एखादा भाग गळलेला असतो. कोणता गळलाय ते कळलं की पुढे काय बोलायचं तेही कळतं.

पहिला भाग नसेल तर माणूस येशूकडे फक्त मदतनीस म्हणून येतो. दुसरा नसेल तर येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत होतो. त्याला पाप दिसलं, दुःख झालं, त्याने कबुली दिली, चांदीची तीस नाणीसुद्धा परत नेऊन टाकली (मत्तय २७:३-५), पण दयेकडे तो वळला नाही. म्हणून ज्याला पापाची जाणीव तीव्र झाली आहे त्याला तशाच अवस्थेत घरी पाठवू नये, त्याच बैठकीत वधस्तंभापाशी न्यावं. तिसरा नसेल तर कबुली निव्वळ शाब्दिक राहते. चौथा नसेल तर माणूस एक व्यसन सोडतो आणि ते सोडल्याचा गर्व उराशी धरतो. पापापासून वळला, पण देवाकडे नाही. पाचवा नसेल तर फेलिक्स होतो. पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणाऱ्या न्यायाविषयी बोलला तेव्हा या सुभेदाराला भीती वाटली, पण "सवड मिळाली की बोलावीन" म्हणून त्याने विषय मिटवला आणि पौलाकडून पैसे मिळतील या आशेने पुढची दोन वर्षं त्याच्याशी संभाषण चालू ठेवलं (प्रेषितांची कृत्ये २४:२४-२७). दर आठवड्याला डोळे पुसत बसणारा, कधीही काही न बदलणारा श्रोता याच जातीचा असतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हे पाच भाग म्हणजे तारणाची किंमत नाही. रडून पाप धुतलं जात नाही, पाप धुतलं जातं ते ख्रिस्ताच्या रक्ताने. पश्चात्ताप हेही देवाचंच देणं आहे (प्रेषितांची कृत्ये ११:१८) आणि विश्वासापासून तो वेगळा काढता येत नाही. माणूस ज्या वळणाने पापाकडे पाठ फिरवतो त्याच वळणाने ख्रिस्ताकडे तोंड करतो.

पहिली बैठक

सभेच्या गर्दीत हे बोलणं होत नाही. तिथे नाव आणि संपर्क घ्या, थोडक्यात प्रार्थना करा, आणि दोन-तीन दिवसांत निवांत तासभर बसा. पुरुषाबरोबर पुरुषाने आणि स्त्रीबरोबर स्त्रीने बसावं. पहिली वीस मिनिटं आपण बोलायचं नाही, विचारायचं आणि ऐकायचं.

पहिला प्रश्न: "प्रभूकडून तुम्हाला काय हवंय?" आजार बरा व्हावा, नोकरी लागावी, घरातली भांडणं थांबावीत, मनाला शांती मिळावी, अशी उत्तरं येतील. त्यांची हेटाळणी करू नका. शुभवर्तमानांत बहुतेक लोक अशाच गरजा घेऊन येशूकडे आले आणि त्याने त्यांना परत पाठवलं नाही. पण दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, हेही तिथेच लिहिलंय (लूक १७:११-१९). म्हणून दुसरा प्रश्न सावकाश विचारा: "समजा ही अडचण सुटलीच नाही, तरी तुम्हाला येशू हवा आहे का? कशासाठी?" इथे माणूस गप्प झाला तर घाबरू नका, ती शांतता भरून काढायची घाईही करू नका. बहुतेक वेळा खरं संभाषण तिथूनच सुरू होतं.

तिसरा प्रश्न: "तुमचं आणि देवाचं काय बिघडलंय?" यावर "सगळेच पापी आहेत", "माझ्याकडूनही चुका झाल्या असतील" असं काही आलं तर पहिला भाग अजून बाकी आहे असं समजा. मग मार्क ७:२०-२३ किंवा दहा आज्ञा एकत्र वाचा. एकेका आज्ञेवर थांबा. भाष्य कमी करा, वचनाला काम करू द्या. त्यानंतरच लूक १८:९-१४ मधला परूशी आणि जकातदार वाचा आणि विचारा की या दोघांपैकी तुम्ही कुठे उभे आहात.

प्रार्थना म्हणवून घ्यायची की नाही? आमचं मत स्पष्ट आहे: आपल्या मागे म्हणायला लावू नका. त्याला त्याच्या शब्दांत देवाशी बोलू द्या, शब्द अडखळले तरी चालतील. जकातदाराची प्रार्थना एका ओळीची होती. माणूस स्वतः प्रार्थना करतो तेव्हा त्याला काय समजलंय आणि काय नाही तेही आपल्याला ऐकू येतं. "मला चांगलं वागायला बळ दे" एवढंच तो मागत असेल, क्षमा मागतच नसेल, तर वधस्तंभ कशासाठी होता हे अजून सांगायचं राहिलंय.

"मी पाप केलं" असं सात जण म्हणाले

पवित्र शास्त्रात हे वाक्य फारोच्या तोंडी आहे (निर्गम ९:२७), बलामाच्या आहे (गणना २२:३४), आखानाच्या आहे (यहोशवा ७:२०), शौलाच्या, दाविदाच्या, यहूदाच्या आणि उधळ्या मुलाच्या दाखल्यातल्या धाकट्या मुलाच्याही आहे. शब्द तेच, माणसं निरनिराळी. म्हणून कबुलीचे शब्द मोजून काहीच हाती लागत नाही. शब्दांच्या पुढेमागे काय आहे ते पाहावं लागतं. त्यासाठी शौल आणि दावीद शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

१ शमुवेल १५ उघडा. शत्रूची गुरंमेंढरंही जिवंत ठेवू नयेत अशी राजा शौलाला आज्ञा होती. शमुवेल संदेष्टा येतो तेव्हा शौल आधी म्हणतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. मेंढरांचा आवाज ऐकू येतो तेव्हा म्हणतो, ती लोकांनी राखली, आणि तीही यज्ञासाठी. राज्य काढून घेतल्याचा निर्णय ऐकल्यावर "मी पाप केलंय" असं येतं, पण त्याला लागूनच कारण येतं: मला लोकांची भीती वाटली. आणि तिसाव्या वचनात तो म्हणतो, मी पाप केलं खरं, तरी आता माझ्या लोकांच्या वडिलांपुढे माझा मान राख. त्याला परमेश्वराशी समेट नको होता, प्रतिष्ठा वाचवायची होती.

आता २ शमुवेल १२. नाथान संदेष्टा दावीद राजाला "तो मनुष्य तूच आहेस" म्हणतो. दाविदाचं पाप शौलाच्या पापापेक्षा लहान नव्हतं. व्यभिचार होता, त्या स्त्रीच्या नवऱ्याचा, उरीयाचा खून होता, महिनोन्‌महिने झाकाझाक होती. पण त्याच्या उत्तरात कारण नाही, दुसऱ्याचं नाव नाही, मागणी नाही: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. क्षमा मिळाली, तरी परिणाम टळले नाहीत. मूल आजारी पडलं, दाविदाने सात दिवस उपास करून विनवणी केली, मूल गेलं. त्यावर तो उठला, स्नान केलं, परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि त्याने दंडवत घातलं (वचन २०). जे मागितलं ते मिळालं नाही, तरी देव सुटला नाही. खऱ्या पश्चात्तापाची याहून स्वच्छ खूण सापडणं कठीण.

यावरून समुपदेशकाने चार गोष्टी ऐकायच्या. कबुली पकडलं जाण्याआधी आली की नंतर? पकडल्यानंतर आली म्हणून ती खोटी ठरत नाही (दावीदही पकडला गेला होता), पण मग बाकीच्या तीन गोष्टी अधिक काळजीने पाहाव्यात. कबुलीत "पण" आहे का? "मी मारलं, पण तिने उलट बोलायला नको होतं" ही कबुली नव्हे, तक्रार आहे. दुःख कशाचं आहे, पापाचं की नुकसानीचं? आणि परिणाम भोगायची तयारी आहे का?

पौलाने २ करिंथकरांस ७:१०-११ मध्ये हाच फरक ईश्वरप्रेरित दुःख आणि ऐहिक दुःख असा केला आहे, आणि पहिल्यातून काय काय निपजतं तेही सांगितलं आहे: कळकळ, दोषातून मोकळं होण्याची धडपड, पापाविषयी संताप, भय, उत्कंठा, आवेश, आणि योग्य ते शासन व्हावं ही इच्छा. ही सातही फळं हालचालीची आहेत. ऐहिक दुःखाची ओळख उलट असते. ते स्वतःभोवती फिरत राहतं, कीव मागतं, आणि प्रसंग निवळला की विरून जातं.

अश्रूंचं काय? त्यांच्यावरून काहीच ठरवू नका, ना इकडे ना तिकडे. अमेरिकेतल्या मोठ्या धार्मिक जागृतीच्या काळात अशा गोष्टी जवळून पाहिलेल्या जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७४६ मध्ये बारा खुणा मांडल्या, ज्या असल्या म्हणून कृपेचं काम सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. भावनांची तीव्रता, शरीरावर होणारा परिणाम, धर्माविषयी भरभरून बोलणं, मनात आपोआप वचनं येणं, स्वतःच्या तारणाची ठाम खात्री, या सगळ्या त्यांत येतात. नेमक्या याच गोष्टींवर आपण साक्ष ऐकताना सर्वांत जास्त भाळतो. येशूच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचा माणूसही वचन आनंदाने आणि लगेच स्वीकारतो. त्याला मूळ नसतं, हे ऊन चढल्यावर कळतं (मार्क ४:१६-१७).

पापाची नावं घेणं

मोघम कबुलीतून मोघम पश्चात्तापच निघतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीनंतर त्या व्यक्तीला एकांतात एक यादी करायला सांगा. चार सदरं पुरतात: पैसा आणि मालमत्ता, जीभ, शरीर आणि नातेसंबंध, आणि देवाऐवजी ज्यावर भरवसा ठेवला ते. प्रत्येक ओळीत क्रियापद स्वतःचं असावं. "घरात वाद झाले" असं लिहायचं नाही, "मी भावाला इतक्या वर्षांत एकदाही बोलावलं नाही" असं लिहायचं. "हिशेबात गडबड झाली" असं नाही, "मी बिलं वाढवून लावली" असं. ही यादी देवापुढे वाचायची, १ योहान १:९ वर बोट ठेवायचं आणि कागद नष्ट करायचा. तो समुपदेशकाने मागू नये आणि गटात तर मुळीच वाचायला लावू नये. कागद फाडण्याआधी मात्र, ज्यांचं देणं किंवा माफी बाकी आहे त्यांची नावं वेगळी उतरवून घ्यायची.

कबुली कोणापुढे, याचा साधा नियम असा की पाप जितक्या वर्तुळात घडलं तितक्याच वर्तुळात कबुली. मनातलं पाप देवापुढे. एका माणसाविरुद्ध केलेलं देवापुढे आणि त्या माणसापुढे. उघड, सगळ्यांना माहीत असलेलं पाप मंडळीपुढे. हा नियम मोडला की नवं नुकसान होतं. एखाद्या स्त्रीविषयी मनात वाईट विचार आले, हे तिलाच जाऊन सांगणं म्हणजे आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं आहे. वैवाहिक बेइमानीची कबुली जोडीदारापुढे द्यायचीच असते, पण ती रस्त्यात, फोनवर किंवा रागाच्या भरात नको. पाळकाच्या मदतीने, वेळ ठरवून, पुढे काय करायचं याची तयारी ठेवून द्यावी. तपशील किती सांगायचा हे ऐकणाऱ्याने ठरवावं.

इथे एका ठिकाणी मंडळ्या वारंवार चुकतात, म्हणून ते स्पष्ट लिहायला हवं. मुलांवरचा अत्याचार, बलात्कार, घरातली मारहाण, पैशाचा अपहार, हे पाप आहे तसाच गुन्हाही आहे. "त्याने पश्चात्ताप केलाय" हे कारण पुढे करून तो दाबून टाकता येत नाही. खरा पश्चात्ताप करणारा कायद्याला सामोरा जातो, आणि जो जात नाही त्याच्या अश्रूंवर विसंबू नये. मूल धोक्यात असेल तर कबुली गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका, आणि हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला समेटासाठी समोर बसवण्याची घाई करू नका. त्याने क्षमा कधी आणि कशी करावी हे पाप करणाऱ्याच्या वेळापत्रकानुसार ठरत नाही.

भरपाई

वरवरचं परिवर्तन सर्वांत लवकर उघडं पडतं ते इथे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि "आम्ही काय करावं?" असं विचारू लागले, तेव्हा त्याने प्रत्येकाला त्याच्या धंद्याप्रमाणे उत्तर दिलं (लूक ३:१०-१४). दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा करू नये, खोटे आरोप करू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावं. उपासतापास वाढवा असं तो कोणालाच म्हणाला नाही. आपणही तसंच विचारावं: तुमच्या कामात सगळे करतात म्हणून चालून जातं असं चुकीचं काय आहे? ते येत्या सोमवारी कसं थांबवणार?

रकमेचं माप मोशेच्या नियमशास्त्रात आहे. गणना ५:६-७ प्रमाणे मुद्दल पुरी परत करून वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. १०,००० लाटले असतील तर १२,००० परत. मेंढरू चोरून मारलं किंवा विकलं तर चौपट (निर्गम २२:१), आणि श्रीमंत जकातदार जक्कयाने स्वतःहून हेच जास्तीचं माप स्वतःला लावलं, शिवाय निम्मी मालमत्ता गरिबांना दिली (लूक १९:८). आज विश्वासणाऱ्यावर हे आकडे कायदा म्हणून लादू नयेत. पण "परत द्यायचं म्हणजे किती?" या प्रश्नावर पाचवा हिस्सा ही चांगली खालची मर्यादा आहे, कारण इतके दिवस दुसऱ्याचा पैसा वापरला त्याचाही विचार त्यात होतो.

जक्कयाच्या गोष्टीतला क्रम मात्र नीट समजावून सांगा. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. आधी कृपा आली, मग हिशेब आला. हा क्रम उलटा झाला की भरपाईचं प्रायश्चित्त होतं.

प्रत्यक्षात अडचणी येतात त्या अशा. पैसे एकरकमी नसतात. मग लेखी हप्ते ठरवा आणि पहिला हप्ता त्याच महिन्यात द्यायला लावा, रक्कम लहान असली तरी चालेल. ज्याचं देणं आहे तो मरण पावला असेल तर त्याच्या वारसांना द्यावं. वारस नसेल तर गणना ५:८ मध्ये ती रक्कम परमेश्वराला, म्हणजे याजकाकडे द्यायला सांगितली आहे, तेव्हा ती देवाच्या कामाला किंवा गरिबांना देता येते. पण वारस असताना तेच पैसे दान म्हणून मंडळीत आणून टाकले जातात. ते घेऊ नका. ज्याचे आहेत त्याच्याकडे पाठवा. लेवीय ६:५ मध्ये दोषार्पणाच्या दिवशीच मालकाला परत करायला सांगितलं आहे, आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो.

पैशाशिवायही भरपाई असते. कोणाची बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्याचपुढे जाऊन ती खोटी होती असं सांगायचं. माफीच्या वाक्याचे तीन तुकडे पुरेत: मी हे केलं, ते चुकीचं होतं, त्याबद्दल मी हे करणार आहे. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हा तुकडा काढून टाका.

सोडायचं ते कसं सोडायचं, याला इफिसकर उदाहरण आहेत. जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं आणून सर्वांदेखत जाळली. त्यांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली (प्रेषितांची कृत्ये १९:१९). त्यांनी ती विकली नाहीत. जे आपल्यासाठी वाईट ते दुसऱ्याला विकण्यात अर्थ नव्हता. आजच्या घडीला याचा अर्थ नंबर पुसणं, खातं बंद करणं, गुप्त फोन मोडणं, भागीदारी सोडणं. "यापुढे वापरणार नाही" म्हणून जपून ठेवलेली वस्तू परतीच्या वाटेसाठीच जपलेली असते.

बाप्तिस्मा कधी द्यावा

प्रेषितांच्या काळात तो त्याच दिवशी झाला. पेन्टेकॉस्टला सुमारे ३,००० जणांचा झाला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा तर मध्यरात्रीनंतर झाला. पण या अधिकाऱ्याने त्याच घटकेला काय केलं ते पाहा: ज्यांचे पाय त्याने खोड्यात अडकवले होते त्यांच्या जखमा त्याने धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातलं (प्रेषितांची कृत्ये १६:३३-३४). दुसरीकडे शोमरोनातल्या शिमोनानेही विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, फिलिप्पाच्या मागे मागे राहिला, आणि पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैसे देऊन विकत मागितला. पेत्राने त्याला पश्चात्ताप करायला सांगितलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, तुम्ही म्हणालात त्यातलं काही माझ्यावर येऊ नये म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा (८:२४). क्षमा त्याने मागितली नाही, परिणाम टाळून मागितले.

जिथे लोकांना शास्त्राची आधीची ओळख नाही तिथे आठवड्याला एक, असे दहा-बारा पाठ घेऊन मग बाप्तिस्मा द्यावा, हे शहाणपणाचं. देव आणि निर्मिती, पाप, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान, कृपा आणि विश्वास, आज्ञापालन, प्रार्थना, मंडळी, आणि शिष्यत्वाची किंमत (लूक १४:२७-३३) इतकं तरी झालं पाहिजे. ही मुदत शिकवण्याची आहे, लायकी सिद्ध करून घेण्याची नाही, हे त्याला कळू द्या. शेवटी त्याच्याशी बोलताना साक्षीत "मी सोडलं, मी ठरवलं, मला वाटलं" एवढंच ऐकू येत असेल आणि येशूने काय केलं हे येतच नसेल, तर थांबा. आकडा वाढवण्यासाठी किंवा अहवालासाठी घाई करू नका.

विश्वासी घरात वाढलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना सगळी भाषा येते. आईवडिलांना बरं वाटावं म्हणून ती लहानपणीच प्रार्थना म्हणतात, सोबतच्यांनी घेतला म्हणून बाप्तिस्मा घेतात. त्यांना सांगा की "तारण", "कृपा", "आशीर्वाद" हे शब्द न वापरता मला सुवार्ता सांग. आणि मोठ्या पापाची थरारक साक्ष त्यांच्याकडून अपेक्षू नका, नाहीतर ती रंगवून सांगायला शिकतात. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला मुलगाही घरातच होता आणि तरी बाहेर उभा राहिला (लूक १५:२८), हा भाग त्यांच्याबरोबर वाचण्यासारखा आहे.

पडला तर

तो पडेल. मार्टिन ल्यूथर यांच्या १५१७ च्या ९५ सिद्धान्तांपैकी पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. म्हणून पडण्यावरून निष्कर्ष काढू नका. पडल्यानंतरचे काही दिवस पाहा. तो स्वतः येऊन सांगतो की तोंड चुकवतो? प्रार्थनेकडे परत येतो की सबबी देतो? पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, पण पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर दिसला तेव्हा तारू किनाऱ्याला लागायची वाटही न पाहता त्याने पाण्यात उडी घेतली (योहान २१:७). पाप झाकणारा आणि पाप कबूल करून टाकून देणारा हा फरक नीतिसूत्रे २८:१३ मध्ये एका ओळीत आहे. त्यातला दुसरा शब्दही पाहा: कबूल करून थांबायचं नाही, टाकून द्यायचं.

दर आठवड्याला एकाच व्यक्तीला जाब देण्याची सोय करा. प्रश्न ठरलेले असावेत आणि विचारणारा स्वतःही उत्तर देणारा असावा. पहिल्या वर्षात घरचे लोक काय म्हणतात ते ऐका. व्यासपीठावरची साक्ष आणि जेवणाच्या टेबलावरचा माणूस यांत अंतर असेल तर ते घरच्यांना सगळ्यांत आधी कळतं.

पुढारी पडला तर क्षमा आणि पद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा करून धीर द्यायला पौल सांगतो, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल (२ करिंथकरांस २:६-८). पण सेवेच्या जागेसाठी बाहेरच्यांत चांगलं नाव असण्याची अट आहे (१ तीमथ्य ३:७), आणि गेलेलं नाव परत मिळायला वर्षं लागतात. "मला माफ केलंत तर पुन्हा उभं का करत नाही?" हा प्रश्न पहिल्या महिन्यात आला, तर १ शमुवेल १५:३० त्याच्याबरोबर पुन्हा वाचा.

हळव्या मनाच्या माणसासाठी

वरचं सगळं वाचून ज्यांना वाचायची गरज आहे ते निश्चिंत राहतात आणि ज्यांना नाही ते झोप घालवतात. "माझा पश्चात्ताप पुरेसा खोल होता का? मी शौल तर नाही ना?" असं रोज विचारणारा माणूस समोर आला तर त्याला यादी करायला सांगू नका, चार प्रश्नही विचारू नका. तो आधीच स्वतःकडे फार पाहतो आहे. पश्चात्तापाची खोली कोणालाच वाचवत नाही, ख्रिस्त वाचवतो, आणि त्याच्याकडे येणाऱ्याला तो कधीच घालवून देत नाही (योहान ६:३७). असल्या माणसाला १ योहान ३:१९-२० द्या. आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे.

एकदा कबूल केलेलं पाप त्याला पुन्हा पुन्हा कबूल करू देऊ नका. आठवलं तर त्यासाठी नुसते आभार मानायला सांगा. तीच प्रार्थना बरोबर म्हटली गेली नाही म्हणून दहा-दहा वेळा म्हणणं, क्षुल्लक गोष्टींची माफी मागत फिरणं, शंकेपायी जेवणझोप सुटणं, असं दिसलं तर तो मनाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि सोबत जा. आणि या काळात त्याला प्रभुभोजाच्या मेजापासून दूर बसू देऊ नका. भाकर त्याच्या हातात द्या आणि "ही तुझ्यासाठी" असं नाव घेऊन म्हणा.